साहेबांचा विकास आणि अर्जदाराचा खोळंबा

सांप्रत सरकारी अधिकाऱ्यांनी कोणती पुस्तके वाचावीत हे सांगणाऱ्या याद्यांचा मोठा सुकाळ झाला आहे. प्रशिक्षणवर्गाच्या अखेरीस अशी यादी हाती पडते. बढतीच्या अभिनंदनाबरोबर त्या यादीतले एखादे पुस्तक चकचकीत कागदात बांधून येते. आणि परप्रांतातील आमच्या मराठी मंडळांच्या समारंभांतूनही बक्षीस म्हणून याच पुस्तकांचे मराठी अनुवाद वाटले जाताना दिसतात. यादी कोणतीही घ्या, नावे बहुधा तीच. डेल कार्नेगी यांचे १९३६ सालचे, मित्र जोडण्याची युक्ती सांगणारे. स्टीफन कोव्ही यांचे १९८९ सालचे, सात सवयींचे. डेव्हिड ॲलन यांचे २००१ सालचे, कामे हातावेगळी करण्याचे. आणि जेम्स क्लिअर यांचे २०१८ सालचे, सूक्ष्म सवयींचे. ही चार पुस्तके ज्याच्या मेजावर आहेत त्याच्या व्यक्तिमत्त्वाचा विकास झाला, किंवा निदान सुरू तरी झाला, असा एक समज रूढ होऊ पाहत आहे. या समजाला आमचा स्पष्ट विरोध आहे.

ही पुस्तके वाईट आहेत असे आमचे म्हणणे नाही. त्यांतील बरेचसे सांगणे शहाणपणाचे आहे आणि ते नीट भाषेत सांगितलेले आहे. आमचे म्हणणे इतकेच की, हे औषध ज्या रोग्यासाठी तयार झाले तो रोगी निराळा, आणि ते ज्याला पाजले जात आहे तो निराळा.

या वाङ्मयाची कुळकथा पाहिली म्हणजे हे ध्यानात येईल. सॅम्युएल स्माइल्स यांनी १८५९ साली जो स्वावलंबनाचा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्याचा उगम लीड्स शहरातील कामकऱ्यांपुढे दिलेल्या व्याख्यानांत होता. दिवसभर राबून रात्री एकत्र जमून शिकू पाहणारी ती माणसे होती. त्यांच्यापाशी सत्ता नव्हती, वशिला नव्हता, स्वतःच्या मेहनतीखेरीज भांडवल नव्हते. कार्नेगी यांनी १९१२ साली न्यूयॉर्कमध्ये वक्तृत्वाचे रात्रवर्ग सुरू केले. पुढे महामंदीच्या काळात त्यांचे पुस्तक निघाले आणि विक्रेते, कारकून, लहानसहान धंदेवाले अशा लोकांनी ते उचलून धरले. नोकरी आज आहे, उद्या नाही, अशा माणसाला समोरच्याचे मन कसे वळवावे हे शिकणे प्राप्तच होते. या दोन्ही ठिकाणी वाचक दुबळा आहे, आणि त्याच्या पुढ्यातला माणूस मोकळा आहे. गिऱ्हाइकाला माल पटला नाही तर ते शेजारच्या दुकानात जाते. त्याचे हे स्वातंत्र्य हाच त्या साऱ्या शिकवणीचा पाया होय.

आता तहसील कचेरीच्या व्हरांड्यात उभ्या असलेल्या माणसाकडे पाहा. त्याला शेजारी दुसरे दुकान आहे काय? सातबारावरील नोंद, जातीचा दाखला, वनहक्काचा दावा, विधवेचे निवृत्तिवेतन, यांपैकी कोणतीही वस्तू त्याला अन्यत्र मिळत नाही. साहेब हसले तरी त्याला थांबायचे आहे, साहेब रागावले तरी थांबायचे आहे. अशा माणसाला जिंकून घेण्याची विद्या साहेबांना कशाला हवी? तो तर दाराशी येण्यापूर्वीच जिंकलेला आहे. त्याचे नाव लक्षात ठेवून त्याला नावाने हाक मारली, त्याच्या मुलाबाळांची चौकशी केली, आणि अर्ज मात्र होता तिथेच राहिला, तर त्या गोडव्याला सौजन्य म्हणावे की फसवणूक, हे वाचकांनीच ठरवावे. विक्रेत्याचे हास्य गिऱ्हाईक तपासून घेऊ शकते; अधिकाऱ्याचे हास्य तपासण्याचे साधन अर्जदारापाशी नाही. म्हणून ज्याच्या हाती सही आहे त्याने आधी गोड बोलण्यास नव्हे, आपल्या सहीचा भार ओळखण्यास शिकले पाहिजे. आणि त्या शिक्षणाचा उपर्युक्त चार पुस्तकांत मागमूसही नाही.

दुसरे प्रकरण वेळेच्या नियोजनाचे. कोव्ही यांनी कामांचे चार चौकोन पाडून दिले आहेत: तातडीचे आणि महत्त्वाचे, महत्त्वाचे पण तातडीचे नसलेले, इत्यादी. आखणी सुरेख आहे. परंतु महत्त्वाचे म्हणजे कोणाच्या दृष्टीने महत्त्वाचे? त्या पुस्तकाचे उत्तर असे की, तुम्ही आयुष्याचे जे ध्येय ठरविले असेल त्याच्या दृष्टीने. खाजगी माणसाला हे उत्तर चालेल. सरकारी अधिकाऱ्याला ते कसे चालावे? त्याच्या मेजावरच्या कागदाचे महत्त्व कायद्याने ठरते आणि त्या कागदावर ज्याचे पोट अवलंबून आहे त्याच्या गरजेने ठरते. वरिष्ठांच्या बैठकीचे सादरीकरण हे साहेबांच्या ध्येयाच्या दृष्टीने नेहमीच महत्त्वाचे असणार. आणि मयत शिपायाच्या पत्नीचे निवृत्तिवेतनाचे प्रकरण हे त्या दृष्टीने चारही चौकोनांच्या बाहेर पडणार.

कामे हातावेगळी करण्याच्या विद्येचेही तसेच. मनातले ओझे कागदावर उतरवावे, दुसऱ्याकडे सोपविण्याजोगे सोपवावे, मेज मोकळे ठेवावे, हा उपदेश ॲलन यांनी सद्भावनेनेच केला आहे. पण कचेरीत मेज मोकळे करण्याची एक जुनी युक्ती आधीपासूनच नांदत आहे. दाखल्यावरील नावात एका अक्षराचा फरक दिसला की ‘त्रुटीपूर्ततेसाठी परत’ असा शेरा मारावा. नस्ती खाली जाते, मेज स्वच्छ होते, निकाली प्रकरणांचा आकडा वाढतो. त्या एका अक्षरासाठी कोणी चाळीस मैलांची एस्टी पकडतो, मजुरीचे दोन दिवस बुडवितो, आणि जो बाबू हे प्रकरण पाहतो तो रजेवर आहे असे ऐकून परत जातो. साहेबांची वाचलेली दहा मिनिटे अर्जदाराच्या दोन महिन्यांतून कापून घेतलेली असतात. या व्यवहाराला कार्यक्षमता हे नाव देण्याची सोय नव्या वाङ्मयाने करून दिली, हा आमचा त्याच्यावरील खरा आक्षेप आहे. लेखकांचा तसा हेतू नसेल. परंतु सत्ताधाऱ्याच्या हाती पडल्यावर त्या पुस्तकांचा असाच उपयोग होतो.

यावर कोणी म्हणतील, अधिकाऱ्याने वेळ पाळू नये काय? चांगल्या सवयी लावून घेऊ नयेत काय? अवश्य लावाव्यात. पण तेवढ्यासाठी एक पुस्तक पुरे. तीच गोष्ट चार मुखांनी ऐकण्याची गरज नाही. प्रशिक्षणाचीही आम्हांस अडचण वाटत नाही. सप्टेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘मिशन कर्मयोगी’ ही योजना मंजूर केली, तीमागचा विचार असा की, केवळ नियमाकडे न पाहता आपल्या भूमिकेकडे पाहून कर्मचाऱ्याने काम करावे. विचार चांगला आहे. मात्र भूमिका एकट्याची नसते. तिला समोर दुसरे पात्र लागते. ते दुसरे पात्र समजावून देणारी पुस्तके यादीत नसतील, तर साहेब आरशापुढे उभे राहूनच आपली भूमिका वठवीत राहणार.

मग वाचावे काय? आधी आपल्या घरचे पाहू. रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र १७१५ च्या सुमाराचे. किल्ले, आरमार, सावकार, वतनदार यांविषयीचे हे राज्यकारभाराचे टिपण. पण त्यातील एक स्थळ प्रत्येक अधिकाऱ्याने पुनःपुन्हा वाचावे. आरमारासाठी लाकूड हवे आहे, राज्याची निकड आहे. तरी रयतेच्या आंब्याफणसाला हात लावू नये, कारण ती झाडे तिने लेकरांसारखी वाढविली आहेत, आणि लागलेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन न्यावे, असा त्याचा आशय आहे. भूसंपादनाच्या कागदावर सही करणाऱ्याने याहून अधिक कोणती सवय शिकावयाची आहे? समर्थांच्या दासबोधात दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खाच्या लक्षणांचा, आणि दहावा पढतमूर्खाच्या लक्षणांचा आहे. हाही व्यक्तिमत्त्वाचा विकासच, असे कोणी म्हणेल; पण तेथे वाचकाला यशाचे आमिष नाही, त्याची झडती आहे. त्रिंबक नारायण आत्रे यांचा ‘गावगाडा’ १९१५ चा. पाटील-कुलकर्णी, कारू-नारू, फिरस्ते यांचा भार अखेर कोणाच्या मानेवर पडतो याचा हिशेब त्यात आहे. आणि विश्वास पाटील यांची ‘झाडाझडती’ धरणग्रस्तांची कथा सांगते. स्वतः प्रशासनात काम केलेल्या माणसाने ती लिहिली आणि १९९२ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला.

परंतु आपण परप्रांतात आहोत, आणि म्हणून आमचे खरे मागणे याच्या पुढचे आहे. ज्या मुलखाचे मीठ आपण खातो त्या मुलखाची किती पुस्तके आपण वाचली? ओडिशात दहा वर्षे काढलेल्या आमच्या बांधवांनी गोपीनाथ मोहंती यांची ‘परजा’ उघडली आहे काय? मोहंती स्वतः सरकारी अधिकारी होते आणि कोरापुटच्या आदिवासींत वावरलेले होते. त्यांच्या १९४५ सालच्या या कादंबरीत एका आदिवासी कुटुंबावर जंगलतोडीचा दंड बसतो. दंड भरण्यासाठी बाप सावकाराकडे जातो आणि वेठीला बांधला जातो. वनरक्षकाची नजर त्या माणसाच्या मुलीवर होती आणि बापाने नकार दिला म्हणून दंड झाला, हे कोणत्याही नस्तीत नोंदले जाण्याजोगे नव्हते. नोंद एवढीच राहणार की, गुन्हा घडला आणि दंड वसूल झाला.

बिहारात असणाऱ्यांनी फणीश्वरनाथ रेणू यांची १९५४ ची ‘मैला आँचल’ वाचावी. पूर्णियाच्या खेड्यात मलेरिया आणि काळा आजार यांचे संशोधन करावयास गेलेला डॉक्टर दारिद्र्य आणि अज्ञान हेच खरे रोगजंतू आहेत या निर्णयाला येतो. त्याच टापूतल्या जंगलावर विभूतिभूषण बंद्योपाध्याय यांची बंगाली ‘आरण्यक’ आहे. कलकत्त्याहून आलेला जमीनदारीचा व्यवस्थापक जंगलाच्या प्रेमात पडतो आणि नेमून दिलेले काम चोख बजावीत त्याच जंगलाची कुळांना वाटणी करून त्याचा नाश करतो. आपले कर्तव्य आणि आपली हानी एकाच सहीत कशी असू शकते, हे याहून स्पष्ट कोणी सांगितलेले आम्हांस ठाऊक नाही. उत्तर प्रदेशातील बांधवांसाठी श्रीलाल शुक्ल यांची १९६८ ची ‘राग दरबारी’ आहेच. शुक्ल हे त्याच प्रांताच्या नागरी सेवेतले. त्यांचा लंगड लाच न देता, नियमाप्रमाणे, तहसिलीतून एक नक्कल मिळविण्यासाठी हेलपाटे घालीत राहतो. वाचताना हसू येते, आणि मग आपल्या व्हरांड्यात बसलेल्या माणसाकडे मान वर करून पाहण्याचे धैर्य होत नाही. आपल्या महाराष्ट्रात येऊन बाहेरचा तरुण अधिकारी कसा कोरडा राहतो हे पाहावयाचे असेल, तर उपमन्यु चटर्जी यांची १९८८ ची ‘इंग्लिश, ऑगस्ट’ चाळावी. तोच कोरडेपणा आपल्यात किती मुरला आहे याचा अंदाज येईल.

कादंबरीतून कामाची रीत कळत नाही, असा आक्षेप येईल. मान्य. रीत कळण्यासाठी नियमपुस्तिका आहेत आणि त्या वाचण्याचा पगार आपल्याला मिळतो. परंतु अर्ज ज्या माणसाने लिहिला त्याचे घर, त्याचे भय, त्याची लाज आणि त्याच्या बोलण्यातील आडपडदा या गोष्टी नियमपुस्तिकेत नाहीत आणि सात सवयींतही नाहीत. राज्यघटनेच्या ३५० व्या अनुच्छेदाने प्रत्येकाला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत मांडण्याचा हक्क दिला आहे. मांडण्याचा हक्क त्याला आहे. मग समजून घेण्याचे ओझे कोणाचे? विभागीय परीक्षेपुरती घोकलेली भाषा ‘अर्ज सादर’ एवढे वाचू शकते. अर्जात जे लिहिलेले नाही ते वाचण्यासाठी त्या भाषेचे वाङ्मयच लागते.

आमच्या मंडळांतून एक तक्रार नित्य ऐकू येते की, इथल्या लोकांना मराठीचे काही ठाऊक नाही, तुकारामाचे नाव तेवढे माहीत, पुढे अंधार. तक्रार खरी असेल. पण ती करण्याचा अधिकार आपण मिळविला आहे काय? लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख हेही परमुलखात न्यायाधीश होते. १८४८ पासून ‘प्रभाकर’मध्ये शतपत्रे लिहिणारा हा मराठी माणूस अहमदाबादेस गेला, तेव्हा गुजराती विद्यावृद्धीची कामे त्याने आपली मानली. बदलीच्या गावाला त्यांनी मुक्कामाची धर्मशाळा समजले नाही.

म्हणून आमची सूचना साधी आहे. बदलीच्या ठिकाणी पहिले वर्ष संपण्यापूर्वी त्या प्रांताचे एक पुस्तक, जमल्यास त्याच भाषेत, न जमल्यास अनुवादात, प्रत्येकाने वाचावे. प्रत्येक मंडळाच्या वाचनालयात स्थानिक वाङ्मयाचे एक कपाट असावे, आणि बक्षीस द्यावयाचे ते त्या कपाटातून द्यावे. ज्यांना चार पुस्तकांची यादी हवीच आहे त्यांनी तीही खुशाल ठेवावी. तिच्यातील सवयींनी पहाटे लवकर उठता येईल. उठल्यावर वाचावयाचे काय, हे मात्र दाराशी बसलेल्या माणसाकडे पाहून ठरवावे. तो सकाळच्या पहिल्या गाडीने आलेला आहे, आणि साडेपाचची शेवटची गाडी त्याला चुकविता येत नाही.