फटफटीवरून नानकटाईला



या आठवड्यात खताची मात्रा नाही आणि फवारणीचे वेळापत्रकही नाही. या वेळी तुम्हाला माझ्याबरोबर फटफटीवरून एका बेकरीपर्यंत न्यायचे आहे. मागची जागा मात्र रिकामी नाही, तेथे आमच्या सौ. बसल्या आहेत. तेव्हा तुम्ही आपले मनानेच चला.

ही गाडी मी 1998 साली घेतली. शंभर सी.सी.ची, साधी, पण कामाची. तिच्या मागच्या जागेवर आजवर कोण कोण बसले याची यादी केली तर पानभर होईल. ग्रामसेवक बसले, सरपंच बसले, माती परीक्षणाच्या नमुन्यांची पोती बसली, एकदा तर आजारी शेळी घेऊन तिचा मालक बसला. सौ. बसल्या त्या लग्नाला, दवाखान्यात किंवा माहेरी काही वाईट घडले तेव्हा. नुसते फिरायला म्हणून त्या या गाडीवर कधी बसल्या नव्हत्या. खरे सांगायचे तर याही वेळी नुसते फिरणे नव्हतेच. एक चूक निस्तरायची होती, आणि चूक माझी होती.

झाले होते असे. मागच्या दिवाळीत आमच्या गल्लीतल्या दहा बायकांच्या बचत गटाला मी सल्ला दिला. म्हटले, घरचा गहू आहे, घरचे तूप आहे. नानकटाई करा आणि विका. गहू लोक-1. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारतीने काढलेले हे वाण तुमच्यापैकी अनेकांनी वर्षानुवर्षे पेरले असेल. दाणा टपोरा, चकाकणारा, पोळीला झकास. बायकांनी पीठ, साखर, तूप नेऊन बावीस किलो माल भाजून आणला. रंग सुरेख आला, वासही छान. पण दातांनी तुटेना. चहात बुडवून ठेवली तरी ढिम्म. सात किलो कसेबसे खपले, उरलेले घरोघरी वाटले आणि शेवटी गुरांच्या अंबोणात गेले. एकेकीचे चारशे रुपये बुडाले. मला कुणी एक शब्द बोलले नाही. पण नळावर सौ.च्या समोरच एक बाई म्हणाली, "साहेबांचा सल्ला लई टिकाऊ हाय बघा." दोन महिने घरात हे वाक्य अधूनमधून माझ्या ताटात वाढले जात होते.

मग एका द्राक्ष बागाईतदाराकडून कळले, की गोदाकाठच्या एका बाजाराच्या गावात एक जुना बेकरीवाला आहे. गिऱ्हाईक स्वतःचे पीठ घेऊन गेले तर तो समोर उभा राहून भाजून देतो. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. दिवाळीत आताच रांग आवरत नाही, आणखी माणसे पाठवू नका, असे त्याने मला हात जोडून सांगितले आहे.

जानेवारीतला रविवार धरला. जाऊन-येऊन दीडशे किलोमीटरच्या आतला रस्ता. सौ.नी भाकरी-ठेचा बांधून घेतला, पाच किलो कणीक, तुपाचा डबा, पिठीसाखर, आणि भाजलेला माल परत आणायला पत्र्याचा रिकामा डबा. तो डबा वाटभर असा वाजत होता, की बांधावरची माणसे मान वर करून बघत.

येवल्याकडून निफाडपर्यंत मोठा रस्ता टळत नाही. निफाडला डावीकडे वळलो आणि जिवात जीव आला. निफाडच्या थंडीचा आकडा तुम्ही वर्तमानपत्रात वाचता. तो आकडा हाताच्या बोटांना कसा लागतो हे फटफटीवरच्या माणसाला विचारावे. मात्र याच थंडीवर येथला गहू उभा आहे. रस्त्याच्या दोन्ही अंगांना ओंब्या नुकत्या बाहेर पडत होत्या. पेरणीपासून साठ-पासष्ट दिवस झाले, की गहू फुलोऱ्यात येतो, आणि हे पाणी चुकवू नये. एका वाफ्यात पाने सुकलेली दिसली तेव्हा माझा हात आपोआप ब्रेकवर गेला. सौ. मागून म्हणाल्या, "अहो, आज रविवार आहे. त्याच्या पाण्याचं तो बघेल." गाडी पुढे नेली. पण तुम्ही बघा हो, तुमच्या वाफ्याचे.

कुठे कांद्याची लागण चालली होती. बायका ओळीने वाकलेल्या, पाय चिखलात, डोक्याला फडकी. आमची गाडी पाहून एकीने विचारले, "बाई, कुठं निघालात एवढ्या थंडीचं?" सौ.नी सांगितले, "नानकटाई भाजायला." त्यावर त्या ज्या हसल्या! थट्टा होती की हेवा, ते मला सांगता येणार नाही.

नांदूर मधमेश्वरला थांबलो. गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाशी हा जुना बंधारा आहे. डाव्या-उजव्या कालव्यांचे पाणी येथूनच सुटते, म्हणून आपल्याकडच्या शेतकऱ्याला हे नाव आवर्तनाच्या तारखेपुरते ठाऊक. गाळाने उथळ झालेल्या पाण्यात पाणगवत वाढले आणि थंडीत उत्तरेकडची बदके येऊ लागली. 2020 साली रामसर यादीत महाराष्ट्रातली पहिली पाणथळ जागा म्हणून याची नोंद झाली. जांभळ्या पाणकोंबड्या गवतातून शाळेतल्या मास्तरांसारख्या पावले टाकत होत्या. काठावर बसून भाकरी खाल्ली. सौ. बराच वेळ गप्प होत्या, मग म्हणाल्या, "इतकी वर्षं तुम्ही या वाटेनं ये-जा करता. पाणी सुटलं का नाही तेवढं घरी सांगायचात. हे असं आहे, हे कधी बोलला नाहीत." मी ठेचा जास्त तिखट असल्याचे निमित्त करून पाणी प्यालो.

तेथून म्हाळसाकोरे, भेंडाळी असे करीत पुढे निघालो. उसाच्या ट्रॅक्टरांनी रस्त्याला दोन खोल चाकोऱ्या पाडलेल्या. एका चाकोरीतून दुसरीत जाताना डबा निसटला आणि घरंगळत उसात शिरला. तो शोधण्यात पाव तास गेला. पीठ दुसऱ्या पिशवीत होते म्हणून वाचलो.

बेकरी म्हणजे विटांची घुमटासारखी भट्टी आणि पुढे पत्र्याची पडवी. मालकांना सगळे गाव चाचा म्हणते. पहाटे भट्टीत बाभळीची लाकडे पेटवतात, घुमट तापला की निखारे ओढून काढतात आणि ओल्या पोत्याने आतली राख पुसून घेतात. मग पहिल्या कडक उष्णतेवर पाव, ती जरा उतरली की खारी, त्यानंतर नानकटाई, आणि रात्रभर उरलेल्या उबेत टोस्ट वाळतात. एका जळणावर चार माल. आत उष्णता किती हे बघायला चाचा चिमूटभर पीठ भट्टीच्या फरशीवर टाकतात आणि किती वेळात त्याचा रंग बदलतो ते पाहतात.

आमची कणीक त्यांनी मुठीत घेतली, दाबली आणि मूठ उघडली. पीठ भुरभुरून खाली पडले. मग त्यांनी आपल्या डब्यातले पीठ तसेच दाबले, तर त्याचा मुटका जसाच्या तसा राहिला. "वहिनी, तुमचा गहू कठीण आहे. पोळीला एक नंबर. पण बिस्किटाला मऊ पीठ लागतं," असे म्हणून त्यांनी दोन्ही पिठांचे लिंबाएवढे गोळे मळले आणि अर्धा तास पाण्यात ठेवले. नंतर हातावर धरून पाण्याखाली हळूहळू चोळले. पांढरा स्टार्च वाहून गेला आणि हातात रबरासारखा चिकटा उरला. आमच्या कणकेचा चिकटा ओढला तर ताणला जाई, सोडला तर परत आखडे. त्यांच्या पिठाचा थोडा, आणि ओढताच तुटे. हे गव्हातले प्रथिन. पाव फुगतो तो याच्या जोरावर, आणि नानकटाई दगड होते तीही याच्यामुळे. कॉलेजात ग्लुटेन म्हणून हे मी परीक्षेत लिहिले होते आणि त्याला मार्कही मिळाले होते. हाताने ताणून पाहिले ते मात्र आज, पन्नाशी उलटल्यावर. भगिनींनो, हा प्रयोग तुमच्या मोरीतही होतो. घरात दोन जातींचे गहू असतील तर दोन्हींचे गोळे धुऊन बघा.

मग चाचांनी सौ.ना विचारले, "पीठ कसं केलं होतं?" सौ.नी सांगितले: तूप पातळ करून घातले, घट्ट वाटले म्हणून दूध घातले, आणि चांगले तिंबून घेतले. चाचांनी कपाळाला हात लावला. "तिंबलं? अहो, नानकटाई तिंबायची नसते!" पाणी किंवा दूध लागले आणि वर मळणे झाले, की तो चिकटा जागा होतो. म्हणजे अर्धा दोष माझ्या गव्हाचा आणि अर्धा पोळीच्या सवयीचा. सौ.नी माझ्याकडे पाहिले. अर्धा का होईना, माझा भार उतरला म्हणून मी हसलो, आणि तेही चुकले.

त्यांची रीत अशी. तूप थिजलेले घ्यावे, पातळ नको. त्यात पिठीसाखर घालून पांढरे आणि हलके होईपर्यंत हाताने फेसावे. यातच खरी मेहनत आहे. किलोभर पिठाला पाऊण किलो साखर आणि पाऊण किलो तूप. पीठ दोनदा बारीक चाळणीने चाळावे, म्हणजे जाड कोंडा निघतो, तो गाईला. गहू कठीणच असेल तर पिठाचा चौथा हिस्सा काढून त्या जागी बेसन किंवा ज्वारीचे पीठ घालावे. त्यांत हा चिकटा नाही, म्हणून माल खुसखुशीत होतो. बाजरी घालू नये, तिचे पीठ लवकर कडू होते. चिमूटभर खायचा सोडा, चवीला वेलची. मग पीठ बोटांनी नुसते एकत्र करावे, गोळा झाला की हात थांबवावा. दूध नाही, पाणी नाही. भाजल्यावर गरम असताना नानकटाई मऊच लागते, म्हणून कच्ची समजून पुन्हा भट्टीत ढकलू नये. पुरी निवली की मगच डब्यात भरावी.

सौ.नी फेसायला घेतले. चाचांच्या सूनबाई बघायला आल्या, मग शेजारच्या दोघी आल्या, आणि पडवीत बायकांचाच कारखाना झाला. मला बाहेर बाकावर बसवले. तेथे बसून मी एक हिशेब मनाशी केला, तो तुमच्यापुढे मांडतो. आमच्या निफाडच्याच गहू संशोधन केंद्राने फुले सात्विक, म्हणजे एनआयएडब्ल्यू 3170, हे वाण काढले आहे. कमी पाण्यावरच्या वेळेवर पेरणीसाठी त्याची शिफारस आहे, आणि बिस्किटासाठीही ते चांगले म्हणून सांगितलेले आहे. शिवारफेरीत त्याची माहिती मी स्वतः वाचून दाखवली होती. पाण्याची ओळ मोठ्याने वाचली, उताऱ्याची त्याहून मोठ्याने, आणि बिस्किटाची ओळ सोडून दिली. मला वाटले, शेतकऱ्याला बिस्किटाचे काय करायचे? समोरच्या सतरंजीवर बचत गटाच्या त्याच बाया बसल्या होत्या.

परतीला संध्याकाळ झाली. डबा भरलेला असल्यामुळे आता वाजत नव्हता. सौ.नी तो मांडीवर घट्ट धरला होता. निफाडजवळ त्या म्हणाल्या, "विहिरीकडच्या अर्ध्या एकरात पुढच्या साली तो सात्विक टाका. बियाण्याचे पैसे गट देईल." मी म्हटले, बियाणे मी आणतो. "नको," त्या म्हणाल्या, "गटाच्या नावाची पावती पाहिजे."

दुसऱ्या दिवशी आमच्या ओट्यावर दहाही जणी जमल्या. चहा झाला. नळावर बोलली होती तीच बाई पुढे झाली. तिने नानकटाई चहात बुडवली, वर काढली, तर अर्धी हातात आणि अर्धी कपात. कपात डोकावून ती ओरडली, "पडली गं बाई, पडली!" आणि सगळ्याजणींनी डब्यात हात घातले.