साठ वर्षांची ‘तात्पुरती’ व्यवस्था : कॅनडाची खेडी आणि हंगामी मजूर

१/१२
१९६६ साली जमैकाहून २६४ मजूर कॅनडाच्या ऑन्टारिओ प्रांतात शेतीच्या हंगामासाठी आणले गेले. व्यवस्था तात्पुरती होती. ती आजही चालू आहे आणि आजही तात्पुरतीच म्हणवली जाते. या शब्दाने कोणाचे हित साधले, याचा हा इतिहास.

२/१२
या कार्यक्रमातील मजुराला वर्षातून जास्तीत जास्त ८ महिने काम करता येते आणि १५ डिसेंबरपर्यंत परतावे लागते. परवाना मालकाशी बांधलेला असतो. कुटुंब मायदेशीच राहते. १९७४ मध्ये मेक्सिको यात सामील झाला. तेथील निवडीत दीर्घकाळ विवाहित, मुले असलेल्या पुरुषांना प्राधान्य मिळाले. ज्याची बायकामुले मागे आहेत तो परत जाणारच, हा त्यामागचा हिशेब.

३/१२
व्यवस्थेचे समर्थक म्हणतात : काम हंगामी आहे, म्हणून मजूरही हंगामी. युक्तिवाद बिनतोड वाटतो. तथापि कॅनडाचाच इतिहास तो खोडून काढतो.

४/१२
१८७२ च्या डोमिनियन लँड्स ॲक्टने प्रेअरीच्या गवताळ प्रदेशात अवघ्या १० डॉलर शुल्कात १६० एकर जमीन देऊ केली. ही जमीन मूलनिवासी राष्ट्रांची होती. १८७१ पासूनच्या करारांच्या आधारे ती वसाहतीसाठी खुली करण्यात आली. वसाहतकऱ्याला अटी मोजक्याच : घर बांधावे, काही जमीन लागवडीखाली आणावी आणि तीन वर्षे तेथे वास्तव्य करावे.

५/१२
‘वास्तव्य’ म्हणजे किती? वर्षाकाठी सहा महिने पुरेसे मानले जात. एरवी अनेक वसाहतकरी रेल्वेच्या कामावर किंवा लाकूडतोडीच्या छावण्यांत मजुरी करीत. बर्फाखालच्या त्या प्रदेशात गव्हाची शेतीही हंगामीच होती. म्हणून त्यांना कोणी ‘हंगामी माणसे’ ठरवले नाही. उलट, १८९६ ते १९०५ या काळात अंतर्गत खात्याचे मंत्री असलेल्या क्लिफर्ड सिफ्टन यांनी पूर्व युरोपातील शेतकऱ्यांना बायकामुलांसह आवर्जून बोलावले.

६/१२
दोन हिशेब शेजारी ठेवावेत. वर्षाला सहा महिने, अशी तीन वर्षे : १६० एकरांची मालकी. वर्षाला आठ महिने, अशी वीस वर्षे : डिसेंबरातले परतीचे तिकीट.

७/१२
हा फरक हंगामाचा नव्हे, माणसाच्या वर्णाचा आणि वर्गाचा आहे. १८८० ते १८८५ या काळात सुमारे १५,००० चिनी मजुरांनी ब्रिटिश कोलंबियात रेल्वेमार्ग बांधला. मार्ग पूर्ण झाला त्याच वर्षी चिनी आगंतुकांवर माणशी ५० डॉलरची डोईपट्टी बसली. १९०३ मध्ये ती ५०० डॉलर झाली. १९०८ मध्ये ‘सलग प्रवासा’ची अट आली आणि १९१४ मध्ये ३७६ प्रवासी घेऊन आलेल्या ‘कोमागाटा मारू’तील बहुतेकांना व्हँकुव्हरमधून माघारी पाठवण्यात आले.

८/१२
मार्ग काढता येतच नव्हता, असेही नाही. १९५५ च्या योजनेत जमैका व बार्बाडोसमधील अविवाहित स्त्रिया घरकामासाठी आल्या. त्यांना कायम वास्तव्याचा हक्क मिळाला. पुढे, १९७३ पासून, तात्पुरते परवाने रूढ झाले आणि हा हक्क आक्रसला. जे काम करायला लायक, ते राहायलाही लायक, या आशयाची घोषणा देत घरकामगार स्त्रिया १९७९ मध्ये उभ्या ठाकल्या. १९८१ मध्ये दोन वर्षांच्या कामानंतर कायम वास्तव्यासाठी अर्ज करण्याची तरतूद झाली. हक्क लढून परत मिळवावा लागला.

९/१२
आता वर्तमान. तरुण शहरांकडे गेले, गावे म्हातारी झाली. म्हणून २०१९ मध्ये ११ लहान शहरे व ग्रामीण भागांसाठी कायम वास्तव्याचा प्रायोगिक मार्ग निघाला. २०२५ मध्ये त्याच धर्तीवर १४ समुदायांची नवी योजना आली. थंडर बे, ब्रँडन, मूस जॉ यांसारखी ठिकाणे तीत आहेत. स्थानिक मालकाने नोकरी द्यायची आणि समुदायाने शिफारस करायची.

१०/१२
पाऊल स्वागतार्ह आहे. पण अट वाचावी : नोकरी पूर्णवेळ, कायमस्वरूपी आणि बिगरहंगामी हवी. २०२० ते २०२५ या काळात चाललेल्या कृषी-अन्न क्षेत्राच्या प्रायोगिक योजनेतही बिगरहंगामी कामाचाच अनुभव ग्राह्य होता. ग्रामीण कॅनडाचे पीक जो काढतो, नेमका तोच ग्रामीण कॅनडाच्या दारातून वगळला गेला.

११/१२
आक्षेप दोन. पहिला : अनेकांना परतच जायचे असते. असेल, राहण्याचा हक्क कोणाला राहण्याची सक्ती करीत नाही. दुसरा : बाहेरच्यांमुळे स्थानिकांची मजुरी घसरते. मजुरी घसरते ती मालक बदलू न शकणाऱ्या मजुरामुळे. कायम निवासी काम सोडू शकतो, भाव मागू शकतो, संघटनेत निर्भयपणे उभा राहू शकतो. बांधून ठेवलेला परवानाच स्थानिक मजुराचाही शत्रू आहे.

१२/१२
१८७२ चा मापदंड आजच्या मजुराला लावावा : ठरावीक हंगाम काम केले की कायम वास्तव्य, मालकाच्या मर्जीवाचून आणि कुटुंबासह. त्यात नवे काही नाही. कॅनडाने हे एकदा केलेले आहे. फक्त तेव्हा समोरची माणसे निराळी होती.