एक खोली भाड्याने दिली, म्हणजे धंदा झाला का?

सिंहस्थाचं ध्वजारोहण 31 ऑक्टोबर 2026 ला. सिंहस्थ जवळ आला की त्र्यंबकेश्वरात घराघरांत एकच विषय निघतो, वरची खोली भाड्याने द्यायची का? आणि लगेच दुसरा प्रश्न येतो, नगरपरिषदेला कळलं तर घरपट्टी किती वाढेल?

आपल्याकडे घर भाड्याने दिलं म्हणून वेगळा व्यवसाय परवाना लागत नाही, कर येतो तो घरपट्टीतून. 1965 च्या नगरपरिषद कायद्यात घराला वर्षाला किती भाडं येऊ शकतं ते धरतात, दुरुस्तीचे 10 टक्के वजा करतात आणि उरलेल्यावर कर बसवतात. महिना 2,500 रुपये भाडं धरलं तर वर्षाचे 30,000, करयोग्य मूल्य 27,000.

खरी मेख वापरात आहे. शिक्षक किंवा मजूर कुटुंब महिन्याच्या भाड्याने राहतं तो निवास. नारायण नागबलीसाठी तीन दिवस आलेल्या यात्रेकरूंना रोजच्या हिशेबाने खोली दिली की ते लॉजिंगकडे झुकतं. हा फरक करणं आम्हाला रास्त वाटतं. पण म्हातारपणी एका खोलीच्या भाड्यावर घर चालवणारी बेवा आणि वीस खोल्यांचा मालक एका मापाने मोजू नयेत. अमेरिकेत बर्कली शहर भाड्याच्या उत्पन्नावर परवाना कर घेतं. तिथे 2016 मध्ये मतदारांनी दर 1.081 वरून 2.88 टक्के केला, तोही पाच किंवा जास्त घरं भाड्याने देणाऱ्यांसाठी. आपल्याकडे पुण्यात स्वतः राहणाऱ्याला घरपट्टीत 40 टक्के सवलत आहे, भाड्याने दिली की ती जाते. मग घर एक असो की दहा.

म्हणूनच आपल्यातले बरेच जण म्हणतात, "कागदच नको, भाई. विश्वासावर चाललंय." हा सौदा उलटा महाग पडतो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, अन् ती जबाबदारी घरमालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा 5,000 पर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय वाद झाला तर भाडेकरू सांगेल त्या अटी खऱ्या धरल्या जातात, मालकाला उलट सिद्ध करावं लागतं. घरपट्टी वाचवायला घरच पणाला लावायचं, हा कसला हिशेब?

उलट भरलेल्या घरपट्टीची पावती कामाची असते. भाड्याच्या उत्पन्नातून ती वजा होते, उरलेल्यातून दुरुस्ती वगैरेसाठी सरसकट 30 टक्के आणखी सुटतात. फेरआकारणीची नोटीस आली तर तारीख बघा, मुदतीत लेखी हरकत द्या. खोली निवासाची असेल तर भाडेकराराची प्रत जोडा, आणि आवक शिक्क्याची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.