कपाटाची किल्ली कोणाकडे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या धर्मग्राम परिषदेच्या सभेत एक विषय निघाला. चर्चलगतच्या जुन्या सभागृहात मुलांसाठी ग्रंथालय सुरू करावे, याविषयी कोणाचेही दुमत नव्हते. परंतु सूचना ऐकता ऐकता मी अस्वस्थ होत गेलो. एक जण म्हणाले, 'कपाटे लोखंडी आणि चांगल्या कुलपांची घ्या.' दुसरे म्हणाले, 'देणगीदारांची नावे दर्शनी भिंतीवर संगमरवरात कोरा.' तिसऱ्यांनी 'शांतता राखा' ही पाटी स्वखर्चाने देऊ केली. शेवटी एका सद्गृहस्थांनी सुचविले, 'लहान मुलांना एकटे आत सोडू नये, पुस्तके फाटतात.' ज्यांच्या नावाने संकल्प सोडला, त्या मुलांना आम्ही पंधरा मिनिटांत दाराबाहेर काढले होते!

या मनोवृत्तीविरुद्ध मला बोलावयाचे आहे, आणि प्रारंभ स्वतःपासूनच केला पाहिजे. वीसएक वर्षांपूर्वी एका वसतिगृहाची जबाबदारी माझ्याकडे होती. चित्रांच्या पुस्तकाचे पान फाडले म्हणून तिसरीतल्या एका मुलाला मी चारचौघांत रागावलो. पान चिकटविण्यास दोन मिनिटे लागली. तो मुलगा मात्र पुन्हा वाचनाच्या खोलीत फिरकला नाही. पुस्तक वाचले, वाचक गमावला.

मध्ययुगीन युरोपात अनेक मठांत व कॅथेड्रलांत ग्रंथ साखळीने फळीला जखडून ठेवीत. त्यामागे कारण होते. छपाई नव्हती, एक बायबल हाताने उतरवून काढण्यास महिनोन् महिने लागत. आज शे-दीडशे रुपयांच्या गोष्टीच्या पुस्तकाला आपण कोणत्या न्यायाने कुलूप लावतो? डॉ. एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. ग्रंथ हे वापरासाठी आहेत, हे त्यांतील पहिलेच. ज्या बालग्रंथालयात वर्षभरात एकही पुस्तक फाटत नाही, तेथे मुले येत नाहीत, एवढेच सिद्ध होते.

'मुले आता मोबाईलच पाहतात, पुस्तके कोण वाचणार?' हा आक्षेप नेहमीचा आहे. पण मोबाईल मुलाच्या हातात कोणी दिला? मोबाईल हातात आणि पुस्तक कुलपात, अशी व्यवस्था आपणच लावायची आणि दोष मात्र मुलाला द्यायचा, हा कोणता न्याय? दुसरा आक्षेप स्पर्धा परीक्षांचा. तरुणांना अभ्यासिका हवी, हे मला मान्य आहे. परंतु अभ्यासिका म्हणजे ग्रंथालय नव्हे. तेथे शांतता लागते. सहा वर्षांच्या मुलाला मात्र गोष्ट मोठ्याने ऐकावी लागते, हसावे लागते, शेजारच्याला चित्र दाखवावे लागते. दोघांना एकाच खोलीत कोंबले की हाकलला जातो तो लहानच.

आपल्या या बुलढाण्यातच १८५० साली ताराबाई शिंदे जन्मल्या. वडील बापूजी हरी शिंदे यांनी मुलीला घरीच मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविले. त्याच मुलीने १८८२ साली 'स्त्रीपुरुष तुलना' लिहून सनातनी समाजाला खडसावले. तिच्या हाती पुस्तक देणारे वडील तिला लाभले. ज्यांच्या घरी कॅलेंडरापलीकडे छापील कागद नाही, ज्यांचे आईवडील दिवसभर कपाशीच्या नाहीतर सोयाबीनच्या शेतात राबतात, त्या मुलींनी कोणाच्या कपाटाकडे पाहावे?

म्हणून खोलीची रचना मुलाच्या उंचीने व्हावी. फळ्या तीन फुटांहून उंच नकोत. पुस्तकांच्या पाठी नव्हे, मुखपृष्ठे दिसावीत. खुर्च्यांऐवजी सतरंज्या व गोधड्या असाव्यात. जिन्याखालची अडगळ काढून तेथे गुहा करावी. भिंतीचा खालचा भाग काळा रंगवून खडू ठेवावेत. आपल्या जिल्ह्यात लोणार आहे: उल्कापाताने घडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे विवर. मग सभागृहाच्या एका कोपऱ्यात गोलाकार, उतरत्या पायऱ्यांचे लहानसे विवर बांधून मुलांना त्यात बसवून गोष्ट का सांगू नये? २०२० च्या जूनमध्ये ते सरोवर गुलाबी झाले, तेव्हा मुलांनी 'का?' असे विचारलेच असेल. त्या प्रश्नाचे पुस्तक त्याच पायरीवर हाताशी असावे. आणि येथील उन्हाळा ध्यानात घेऊन सुटीत दार सकाळी व सायंकाळी उघडावे. कचेरीच्या वेळा मुलांना काय कामाच्या?

पैसा कोठून आणावा? सातारा जिल्ह्यातील भिलार गावाकडे पाहा. ४ मे २०१७ रोजी तेथे 'पुस्तकांचे गाव' सुरू झाले. पुस्तके शासनाच्या पुढाकाराने आली. पण जागा बहुतांशी गावकऱ्यांनी दिल्या, कोणी घरातली खोली, कोणी ओसरी. पंचवीस ठिकाणी सुमारे पंधरा हजार पुस्तके मांडली गेली. त्यासाठी आधी टोलेजंग इमारत उभारावी लागली नाही. अनोळखी वाचकाला घरात घेण्याची तयारी मात्र लागली. आपण या जिल्ह्यात मूठभर कुटुंबे आहोत. आपले दार शेजारच्या वस्तीतील मुलाला आडनाव न विचारता उघडेल काय?

बालकांना प्रभूकडे येण्यापासून कोणी अडविले, हे आठवा. परके नव्हते ते, शिष्यच होते. हेतूही वाईट नसावा. गुरुजींना त्रास नको, एवढेच. आपलाही हेतू वाईट नाही, म्हणून तर हे लिहिणे भाग पडले.

पुढील सभेत मी तीन ठराव मांडणार आहे. कपाटांना कुलपे नसावीत. फाटणाऱ्या पुस्तकांसाठी वार्षिक खर्चात रक्कम आधीच धरावी आणि महिन्यातून एक दिवस मुलांनीच खळ व कापडाच्या पट्ट्या घेऊन ती दुरुस्त करावीत. पुस्तकांच्या निवडीत दोन मुलींना व दोन मुलांना मत असावे. संगमरवराचे पैसे त्यातच खर्च व्हावेत. ज्यांना हे मान्य नसेल, त्यांनी सभेस अवश्य यावे. मात्र येताना घरातील एखादे लहान मूल सोबत आणावे आणि आपला विरोध त्याच्यासमोर बोलून दाखवावा.