जमीन चार आणे, कुंपण दहा आणे

शाळेत जाणाऱ्या कुठल्याही मुलाला आयताची परिमिती विचारून पाहा. ‘दोन कंसात लांबी अधिक रुंदी’ हे उत्तर तो डोळे मिटून देईल. वर्तुळाचा परीघ विचारा, ‘टू पाय आर’ तयारच असते. मग त्याला म्हणा, आपल्या अंगणाभोवती एक दोरी लावायची आहे, किती आणू? आता मात्र तो आपल्या तोंडाकडे बघत राहतो. सूत्र त्याला पाठ आहे, पण सूत्र या शब्दाचा मूळ अर्थ सूत, दोरा, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. आपल्या जुन्या भूमितीच्या ग्रंथांचे नावच शुल्बसूत्रे, आणि शुल्ब म्हणजे दोरी. दोरी हातात घेऊन शिकायची गोष्ट आपण फळ्यावर आणली आणि तिथेच ठेवून दिली.

हे केवळ शिक्षणाचे रडगाणे असते तर रविवारची सकाळ मी त्यात घालवली नसती. परिमिती न कळण्याची किंमत आपल्या समाजात घरोघरी, गावोगावी मोजली जाते आहे. तिकडे वळण्याआधी थोडे घरातलेच पाहू.

घेर हा शब्द आपल्या बायकांच्या तोंडी सहज असतो. परकराचा घेर, कमरेचा घेर, पोळपाटाचा घेर. बांगडीचे माप ‘दोन-चार’ असे सांगतात, म्हणजे आतला व्यास दोन इंच आणि वर इंचाचे चार सोळांश भाग, एकूण सव्वादोन इंच. तिचा आतला घेर निघतो सात इंचांच्या किंचित वर. कासारीण हा गुणाकार करत बसत नाही. हात हातात घेऊन, अंगठा आत मुडपून, किंचित दाबून ती माप सांगते. वटपौर्णिमेला वडाला सूत गुंडाळले जाते. सात फेऱ्यांतला एक फेरा मोजला की बुंध्याचा घेर मिळतो. तो बावीस फूट भरला आणि बुंधा बराचसा गोल असला, तर खोड सात फूट जाड आहे हे कुऱ्हाड न लावता कळते. ज्या मुलीला परीघ आणि व्यास यांचे नाते पुस्तकात अवघड वाटते, तिची आई दरवर्षी ते सुताने मोजत असते. दोघींची गाठ कोणी घालून देत नाही, एवढेच.

बाजू सरळ असल्या की बेरीज पुरते. वाकड्या रेषेपाशी माणूस अडला, आणि त्याने तोडगा काढला तो सरळ रेषांचाच. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात आर्किमिडीजने वर्तुळाच्या आत आणि बाहेर सहा बाजूंच्या आकृत्या कल्पिल्या, मग बारा, चोवीस, अठ्ठेचाळीस असे करत शहाण्णव बाजूंपर्यंत तो गेला. परीघ हा व्यासाच्या तीन पूर्णांक दहा एकाहत्तरांश पटीहून जास्त आणि तीन पूर्णांक एक सप्तमांश पटीहून कमी असतो, हे त्याने दाखवले. शाळेतले आपले बावीस सप्तमांश ते हेच. आपल्याकडे आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०,००० व्यासाला ६२,८३२ परीघ सांगितला, आणि तो ‘आसन्न’ म्हणजे जवळपासचा आहे हेही प्रामाणिकपणे नोंदवले. भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त (११५०) दोन मापे दिली: सूक्ष्म हवे असेल तर ३९२७ भागिले १२५०, आणि रोजच्या व्यवहाराला बावीस सप्तमांश. चाळीसगावजवळच्या पाटण येथे त्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांच्या नातवाने मठ उभारल्याचा १२०७ सालचा शिलालेख आहे. व्यवहारासाठी वेगळे माप सांगणारा हा गणिती आपल्या मातीशी असा जोडलेला आहे. आपण मात्र व्यवहार सोडला आणि सूत्र धरले.

आता मुद्द्यावर येतो. चारशे मीटर दोरी घ्या आणि तिने जमीन वेढा. शंभर-शंभर मीटर बाजूंचा चौरस केला तर आत बरोबर एक हेक्टर जमीन येते. त्याच दोरीचे वर्तुळ केले तर जवळजवळ सव्वा हेक्टर येते. आणि एकशे नव्वद मीटर लांब, दहा मीटर रुंद अशी पट्टी केली तर हाती येते एकोणीस आर, म्हणजे हेक्टरचा पाचवा हिस्सादेखील नाही. दोरी तीच, पण वेढलेली जमीन वेगळी. वर्तुळ सर्वांत उदार, पट्टी सर्वांत कंजूष. खळे गोल करता येते, विहीर गोल बांधता येते, पण शेते गोल करता येत नाहीत, कारण दोन वर्तुळांच्या मधली जागा फुकट जाते. म्हणून आपण चौकोनांवर भागवतो. तिथपर्यंतही ठीक होते. पुढे वाटण्या होतात.

बँकेतली माझी बरीच वर्षे शेतीकर्जांच्या कागदांत गेली. तारेच्या कुंपणासाठी अर्ज येत. पंचवीस आर जमीन आणि अडीचशे मीटर कुंपण, तेही चार पदरी, म्हणजे हजार मीटर तार! वरच्या कचेरीतून लाल शाईचा शेरा येई: क्षेत्र एवढेसे, तार एवढी कशी? अर्जदार खोटे बोलत नसे. बापाची एक हेक्टरची चौरस जमीन चार भावांत उभ्या पट्ट्यांनी वाटली गेलेली असे. प्रत्येकाची पट्टी पंचवीस बाय शंभर मीटर, तिची परिमिती अडीचशे मीटर. बापाला सबंध जमिनीला लागत होते चारशे. जुन्या आण्यांच्या भाषेत सांगायचे तर मुलाच्या वाट्याला जमीन आली चार आणे आणि कुंपण आले दहा आणे. त्याच्या दोन मुलांनी पुन्हा उभी वाटणी केली की साडेबारा मीटरची पट्टी उरते. मग जमीन दोन आणे, कुंपण नऊ आणे.

बांधाचेही तसेच. चार पट्ट्यांच्या मध्ये तीन नवे बांध, तीनशे मीटर लांबीचे. बांध मीटरभर रुंद धरला तर तीन आर, म्हणजे जवळपास तीन गुंठे, कोणाच्याच वाट्याला न जाता बांधाखाली गेले. पुढच्या पिढीत आठ पट्ट्या, सात बांध आणि सात आर. कृषी गणनेप्रमाणे महाराष्ट्रातले सरासरी धारणक्षेत्र १९७०-७१ मध्ये ४.२८ हेक्टर होते, ते २०१५-१६ मध्ये १.३४ वर आले. क्षेत्र घटले याची चर्चा आपण खूप करतो. बांध किती वाढले, याची बेरीज कोणी मांडत नाही.

कागदही क्षेत्राचेच भक्त. सातबाऱ्यावर हेक्टर-आर असतात, बाजूंची लांबी नसते. खरेदीखतात चतुःसीमा लिहितात, पण ‘पूर्वेस अमुक, पश्चिमेस तमुक’ एवढीच. किती मीटर ते नाही. आणि भांडण तर नेहमी त्या न लिहिलेल्या रेषेवरच होते. नांगराचा एक तास बांधात सरकला की भावाभावांचे बोलणे बंद होते. शंभर मीटर बांधावर वीतभर सरकले तर जमीन जाते सुमारे तेवीस चौरस मीटर, म्हणजे पाव गुंठ्याहून कमी. तेवढ्यापायी वकील, तारखा, मोजणी आणि दोन चुलत्यांच्या पोरांचे एकमेकांच्या लग्नाला न जाणे.

मग भाऊ पट्ट्या का पाडतात? ते अडाणी आहेत म्हणून नव्हे. पन्नास-पन्नास मीटरचे चार चौरस पाडले तर नवे बांध दोनशे मीटरच होतील, हे त्यांनाही दिसते. पण मग रस्त्याला लागून दोघांचेच तुकडे राहतात. चांगली माती एकीकडे जाते, मुरमाड दुसऱ्याकडे. उभ्या पट्टीत प्रत्येकाला थोडा रस्ता, थोडी काळी, थोडे खडकाळ मिळते. जास्त लांबीचा बांध ही भावांनी न्यायासाठी मोजलेली किंमत आहे. ती मोजायची की नाही हे त्यांनी ठरवावे. माझे म्हणणे इतकेच, की किती मोजतो आहोत हे आधी कळावे.

त्यासाठी फार मोठे काही लागत नाही. वाटणीपत्र लिहिताना प्रत्येक हिश्शाच्या क्षेत्राखाली चारही बाजूंची लांबी लिहावी आणि हद्दीच्या खुणा सर्वांसमक्ष रोवाव्यात. दुसरे, मालकी वेगळी झाली म्हणून कुंपण वेगळे व्हायलाच हवे असे नाही. सगळ्या जमिनीभोवती एकच चारशे मीटरचे कुंपण घातले तर खर्च प्रत्येकी शंभर मीटरचा येतो. स्वतंत्र घातले तर अडीचशेचा. आत हद्दीला दगड पुरतात. यावर कोणी म्हणेल, ज्यांचे एकमेकांशी बोलणे नाही ते कुंपण एकत्र कसे घालणार? पण बांध तर त्यांचा एकत्र आहेच. त्यांनी ठरवले तरी तो वेगळा होत नाही. क्षेत्र एकट्याचे असू शकते, परिमितीच्या पलीकडे मात्र कोणीतरी असतेच.

शहरातल्या वाचकांनी हसू नये. दहा बाय बाराची खोली आणि सहा बाय वीसची खोली, दोन्हींचे क्षेत्र एकशे वीस चौरस फूटच. पण पहिलीच्या भिंतींचा घेर चव्वेचाळीस फूट, दुसरीचा बावन्न. दहा फूट उंची धरली तर दुसऱ्या खोलीला ऐंशी चौरस फूट रंग जास्त लागतो. फ्लॅट घेताना आपण कार्पेट एरिया डोळ्यांत तेल घालून पाहतो, भिंतींचा घेर कोण विचारतो?

म्हणून शिक्षकांना एक विनंती आहे. परिमितीचा धडा आला की एक तास फळा पुसून ठेवा. मुलांच्या हाती सुतळी द्या, शाळेच्या मैदानाला फेरी मारू द्या, पावले मोजू द्या, मग टेपने ताडून पाहू द्या. हँडपंपाच्या गोल कट्ट्याला सुतळी गुंडाळू द्या, तिला व्यासाने भागू द्या. तीनच्या थोडे वर काहीतरी येईल. ते कुणाचे सारखे येणार नाही, हेही त्यांना बघू द्या. आणि शेवटी त्या मैदानाचे चार सारखे हिस्से करून दाखवा, असे सांगा. मुले भांडतील. प्रत्येकाला फाटकाजवळचा हिस्सा हवा असेल. ते भांडण दहाव्या वर्षी, सुतळी हातात असताना, बाईंच्या देखत झालेले बरे. चाळिशीत ते तहसील कचेरीच्या ओट्यावर होते, आणि तिथे सुतळी कोणाच्याच हातात नसते.