गोरव्याने मागितलेला हिशेब

मे २०२४ मध्ये विजेच्या नव्या स्मार्ट प्रीपेड मीटरांविरुद्ध वडोदऱ्यात असंतोष उसळला, त्यात गोरवा भागातील रहिवासीही होते. आगाऊ भरलेले पैसे पाहता पाहता संपतात, ही त्यांची तक्रार. दोन महिन्यांनी येणारे बिल रोज थोडे थोडे कापले जाऊ लागले म्हणजे खर्च वाढल्याचा भास होतो, असे सांगून ती उडवून लावणे सोपे होते. परंतु भास कोणता आणि चूक कोणती हे पारखण्याचे साधनच ग्राहकापाशी नसेल, तर त्याने विश्वास तरी कशाच्या बळावर ठेवावा? अखेर पडताळणीसाठी नव्या मीटरच्या जोडीला जुने मीटरही बसविण्याची घोषणा गुजरात सरकारला करावी लागली.

हा हक्क गोरव्यापुरता नाही. केंद्राच्या वीज ग्राहक हक्क नियमांत फेब्रुवारी २०२४ मध्ये दुरुस्ती झाली. मीटरचा आकडा प्रत्यक्ष वापराशी जुळत नसल्याची तक्रार येताच पाच दिवसांत जादा मीटर बसवून किमान तीन महिने पडताळणी करणे तीनुसार वीज कंपनीवर बंधनकारक आहे. आमच्या सीमाभागात हे किती जणांस ठाऊक आहे?

तथापि हक्क मागणाऱ्याने स्वतःचा हिशेबही चोख ठेवला पाहिजे. हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट होते. ७५ वॅटचा जुना पंखा रोज बारा तास फिरला, तर महिन्यास २७ युनिटे होतात. ३० वॅटच्या नव्या पंख्यास अकराच पुरतात. दोन हजार वॅटचा गिझर अर्ध्या तासात एक युनिट खातो. कर्नाटकात २०२३ मध्ये सुरू झालेल्या गृहज्योती योजनेत महिन्याची २०० युनिटांची मर्यादा ओलांडली की संपूर्ण बिल भरावे लागते. तेव्हा एकेका युनिटाचे मोल बेळगाव-निपाणीच्या गृहिणींस आम्ही काय सांगावे!

सर्व उपकरणे बंद करूनही मीटरचा आकडा पुढे सरकत असेल, तर तारांतून गळती होत असावी किंवा आपल्या मीटरवर दुसऱ्याचा भार असावा. अशा वेळी जाणत्या वायरमनला बोलवावे. दर आठवड्यास मीटरचा आकडा तारखेसह वहीत टिपावा. तो बिलाशी जुळला नाही, तर लेखी तक्रार करून पोच घ्यावी. बिल फार आले, या नुसत्या हळहळीस कचेरीत कोणी विचारीत नाही; तारीखवार मांडलेल्या आकड्यांस मात्र उत्तर द्यावेच लागते. ते उत्तर मागण्याची सवय प्रत्येक घराने लावून घ्यावी, असे आमचे आग्रहाचे सांगणे आहे.