महिनाअखेरची विक्री

औषध-कंपनीचा प्रतिनिधी सकाळी बॅग घेऊन घराबाहेर पडतो, तेव्हा दिवसभर त्याच्या डोक्यावर कोणी वरिष्ठ बसलेला नसतो; म्हणून या नोकरीत मोकळीक फार, असा पुष्कळांचा समज आहे. ज्यांच्या घरी असा मुलगा, सून किंवा जावई आहे, त्यांस वस्तुस्थिती निराळी ठाऊक असते. दवाखान्याच्या बाकावर रुग्णांची रांग संपेपर्यंत तिष्ठत बसावे, डॉक्टरांनी दिलेल्या दोन मिनिटांत चार औषधांची माहिती सांगावी, दुकानांतून खपाचा अदमास घ्यावा आणि रात्री दिवसभराच्या भेटींचा अहवाल भरावा, असा हा क्रम आहे.

हे श्रम माणूस सोसतो. सोसवत नाही ती महिनाअखेर.

कंपनीकडून घाऊक विक्रेत्याकडे, म्हणजे स्टॉकिस्टकडे, माल गेला ही एक विक्री. तेथून तो दुकानांत गेला ही दुसरी. खरा खप दुसरीवरून कळतो. परंतु ज्या व्यवस्थापकाला केवळ वर आकडा दाखवावयाचा असतो, त्याला पहिली पुरते. मग शेवटच्या आठवड्यात फोन सुरू होतात : काहीही करा, पण माल उचलायला लावा. प्रतिनिधी स्टॉकिस्टची मनधरणी करतो, आकडा पुरा होतो. पुढे मुदत संपलेल्या औषधांची खोकी परत येतात आणि ती रक्कम त्याच्याच विक्रीतून वजा होते. (तोवर साहेबांची बढती झालेली असते, हे वेगळे सांगावयास नको.) याहून वाईट असे की, पुढील वर्षाचे उद्दिष्ट त्या फुगलेल्या आकड्यावरच काही टक्के चढवून ठरते. तालुक्यात डॉक्टर किती, पावसाळ्यात रस्ता चालू असतो की नाही, याची चौकशी कोणी करीत नाही. याला व्यवस्थापन म्हणणे कठीण आहे.

या वर्गाला कायद्याचे संरक्षण सहज मिळाले नाही. १९६३ साली प्रतिनिधींचा अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला आणि १९७६ साली विक्री-प्रोत्साहन कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा स्वतंत्र कायदा झाला. नेमणूकपत्र देणे, कामावरील कालावधीच्या एक-अकरांश इतकी भरपगारी रजा आणि एक-अष्टादशांश इतकी अर्धपगारी वैद्यकीय रजा देणे, ही बंधने त्याने मालकांवर घातली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता अमलात आल्या व हा कायदा त्यांत सामावला गेला. नेमणूकपत्राचे बंधन मात्र तेथेही आहे. ते पत्र, पगाराच्या पावत्या आणि मंजूर दौऱ्याचे कागद घरी नीट लावून ठेवावेत. तोंडी हुकूम आला, तर “आपण आज फोनवर सांगितल्याप्रमाणे” अशा नम्र शब्दांनी सुरुवात करून तो लेखी कळवावा. पुष्कळ हुकूम तेवढ्यानेच सौम्य होतात.

घरच्या माणसांकडे एक गोष्ट विशेष येते. आकडा अपुरा पडला की काही प्रतिनिधी पदरचे पैसे घालून माल स्वतःच उचलतात. प्रथम बोनसाच्या आशेने, नंतर केवळ बोलणी टाळण्यासाठी. पत्नीचे दागिने गहाण पडेपर्यंत ही गोष्ट घरात कळत नाही, कारण विचारले की ‘टार्गेट झाले’ एवढेच उत्तर मिळते. म्हणून तो प्रश्न जेवणाच्या पानावर विचारू नये; पैसे कोठून आले, हे मात्र अवश्य विचारावे. घरखर्चाचा हिशेब ठरीव पगारावर मांडावा, बोनसावर नव्हे. तसे केले तर नोकरी सोडण्याचा विचारही शांतपणे करता येतो.

सोडावयाचीच ठरली, तर दुसरी हाती आल्यावर सोडावी. ज्या भागातील डॉक्टर आणि स्टॉकिस्ट आपणांस ओळखतात, त्या ओळखीला दुसरी कंपनीही किंमत देते. राजीनाम्यापूर्वी प्रवासभत्त्याची थकलेली बिले वसूल करून घ्यावीत. नंतर त्यांच्यासाठी इंदूर-रायपुराहून मुंबईच्या नाहीतर अहमदाबादच्या मुख्य कचेरीला पत्रांमागून पत्रे लिहीत बसावे लागते.